पिंजऱ्याआधी कचरा आवरा: खाडीकाठच्या सोसायट्यांनी कोल्ह्यांचं काय करावं

खाडीला लागून असलेल्या सोसायटीत कोल्हा दिसला की पहिली मागणी पिंजऱ्याची होते. नवी मुंबईत ऐरोली, घणसोली, वाशी, सीवूड्स, खारघर, पलीकडे ठाणे पूर्व, सगळीकडे हेच. कुणीतरी पार्किंगमधला व्हिडिओ ग्रुपवर टाकतो आणि तासाभरात वनखात्याला पत्र लिहायचं ठरतं. ही भीती खोटी नसते. ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांना ‘घाबरू नका’ एवढं सांगून भागत नाही, त्यांना करण्यासारखं काहीतरी हवं असतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे आणि सोसायटीच्या कमिटीत बसून निर्णय घ्यावा लागणाऱ्यांसाठीही.

माझं म्हणणं थोडक्यात असं: रानातल्या श्वानकुळातल्या प्राण्यांची संख्या त्यांना मिळणारं अन्न ठरवतं. अन्न तसंच ठेवून प्राणी उचलले तर जागा पुन्हा भरते. अन्न आवरलं की संख्या आपोआप खाली येते आणि त्यासाठी एकाही जिवाला हात लावावा लागत नाही.

पिंजऱ्याने काय होतं

कोल्हा जोडीने राहतो. नर-मादी मिळून एक हद्द धरतात, वासाने आणि कोल्हेकुईने ती राखतात. मागच्या विणीतलं एखाद-दुसरं पिल्लू घरीच थांबून धाकट्या भावंडांना वाढवायला मदत करतं. यातला एक जरी उचलला तरी हद्द मोकळी पडते. मग शेजारचा तरणा कोल्हा तिथे येतो, कारण पहिला ज्यासाठी येत होता ते अन्न तिथेच असतं. नव्याला ना वाटा माहीत ना माणसांच्या वेळा, त्यामुळे तो जुन्यापेक्षा जास्त वेळा समोर येतो. पकडलेली मादी विणीतली असेल तर बिळातली पिल्लं उपाशी मरतात. पिंजऱ्याच्या गजांवर दात मोडलेला, अनोळखी जागी सोडलेला कोल्हाही फार दिवस काढत नाही.

बिबट्यांच्या बाबतीत महाराष्ट्राने हा धडा घेतलेला आहे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर परिसरातून मोठ्या संख्येने बिबटे पकडून दुसऱ्या जंगलांत सोडण्यात आले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला तेव्हा माणसांवरचे हल्ले वाढलेले आढळले, शिवाय जिथे बिबटे नेऊन सोडले त्या भागांतही हल्ले सुरू झाले होते. कोल्हा म्हणजे बिबट्या नव्हे, पण हद्द रिकामी करण्याचा परिणाम दोघांतही सारखाच.

मारण्याने तर उलटच घडतं. अमेरिकेत कायोटी या कोल्ह्याच्या भाऊबंदांना पिढ्यान्पिढ्या गोळ्या घातल्या, विष घातलं. तरी तो प्राणी कमी झाला नाही, जवळजवळ सगळ्या खंडभर पसरला. संख्या घटली की उरलेल्यांच्या वाट्याला अन्न जास्त येतं, पिल्लं जास्त जगतात आणि एरवी थांबल्या असत्या अशा कोवळ्या माद्याही विणीला लागतात.

नसबंदीचं काय, असं काही जण विचारतात. प्रश्न योग्य आहे. अलास्कात १९९० च्या दशकाच्या अखेरीस फोर्टीमाइल भागात कॅरिबू हरणांचा कळप सावरावा म्हणून लांडग्यांना मारण्याऐवजी टोळीतल्या प्रमुख नर-मादीची नसबंदी केली गेली आणि बाकीचे लांडगे दूर नेऊन सोडले. यातली युक्ती अशी की शस्त्रक्रियेत संप्रेरकं देणारे अवयव काढत नाहीत, फक्त नलिका बांधतात. त्यामुळे जोडी जोडीसारखीच वागते, हद्द राखते, बाहेरच्यांना आत येऊ देत नाही, फक्त पिल्लं होत नाहीत. यूटामध्ये नसबंदी केलेल्या कायोटींच्या जोड्यांनी मेंढरंही कमी मारली, कारण पिल्लांना भरवायचं ओझं त्यांच्यावर नव्हतं. पण यात एकेका जनावराला पकडून बेशुद्ध करावं लागतं आणि खर्च प्रचंड येतो. आपल्या खाडीतला कोल्हा वाजवीपेक्षा जास्त झालाय असंही नाही. त्याचं तिवरांचं (खारफुटीचं) रान भरावाने ठिकठिकाणी आकसतंय, म्हणून तो नजरेला जास्त पडतो. नसबंदीची गरज आहे ती रस्त्यावरच्या कुत्र्यांना. त्याकडे पुढे येतो.

कायदाही एवढ्यातच सांगून टाकतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार मारणं, विष घालणं, सापळा लावणं, पकडणं, हाकणं आणि आमिष ठेवणं हे सगळं शिकारीत मोडतं. म्हणजे सोसायटीने स्वतः पिंजरा आणून त्यात कोंबडी टांगली तर तो गुन्हा आहे. प्राणी पकडण्याचा निर्णय फक्त वनखात्याचा.

पहिलं काम: महिनाभर नोंद

कमिटीने वॉचमनच्या केबिनमध्ये एक साधी वही ठेवावी. तारीख, वेळ, नेमकी जागा, किती जनावरं, काय करत होती, आदल्या रात्री कचरा कुठे होता. रात्रपाळीच्या दादांना हे नीट समजावून सांगा, कारण खरं काय ते त्यांनाच दिसतं.

बऱ्याच नोंदी मुळात कुत्र्यांच्या निघतात. कोल्हा गावठी कुत्र्यापेक्षा हलका, पायाने बारीक. मुस्कट निमुळतं, कान ताठ, अंगावर पिवळट-करड्या केसांत काळी झाक, शेपूट झुपकेदार, खाली लोंबणारं आणि टोकाला काळं. चालताना तो भिंतीच्या कडेने, मान खाली घालून सरळ निघून जातो.

संध्याकाळी किंवा पहाटे कुंपणाबाहेरून जाणारा कोल्हा, रात्रीची कोल्हेकुई, पावसाळ्यात अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तिवरांत पाणी चढल्यावर कोरड्या जागेकडे सरकलेली जोडी, ही रोजची वागणूक आहे. त्यावर काहीच करायचं नसतं. लक्ष द्यायचं ते एकाच जागी पुन्हा पुन्हा येणाऱ्या जनावराकडे. त्या जागेवर काहीतरी खायला आहे, हे नक्की समजा.

दुसरं काम: अन्न बंद करणं

सगळ्यात जास्त कष्ट इथेच घ्यावे लागतात आणि सगळ्यात जास्त फळही इथेच मिळतं. कोल्हा काहीही खातो. खाडीत खेकडे, मासे, उंदीर, पाखरांची अंडी, बोरं. आपल्याकडे शिळी पोळी, बिर्याणीची हाडं, मासळीची आतडी, मांजरांसाठी ठेवलेली वाटी. एका रात्रीत पोट भरेल एवढं एका कोपऱ्यात मिळत असेल तर तो चिखलात खेकड्यामागे का धावेल?

ओल्या कचऱ्यापासून सुरुवात करा. घंटागाडी सकाळी येते आणि अनेक इमारतींत कचरा रात्री अकरालाच खाली येऊन पडतो. मधले सात-आठ तास म्हणजे उघडी पंगत. दोन मार्ग आहेत: कचरा सकाळीच दारातून गोळा करायचा, नाहीतर रात्रीचा कचरा कुलूप लागणाऱ्या, जाळीचं दार असलेल्या खोलीत ठेवायचा. सफाईच्या मावशींची वेळ बदलावी लागेल, त्याचे पैसे वाढवून द्यावे लागतील. ते द्या. पिंजऱ्यासाठी पत्रव्यवहार करण्यापेक्षा तो खर्च सार्थकी लागतो. डबे झाकणाचे हवेत आणि झाकणाला कडी हवी. नुसतं ठेवलेलं झाकण कुत्रा नाकाने उडवतो, मागून कोल्हा येतो.

कंपोस्टचा खड्डा असेल तर त्यात मांस, मासळी आणि तेलकट शिजलेलं अन्न टाकू नका. खालून आणि बाजूने बारीक जाळी लावा. सुक्या पाल्याचा थर रोज वर पडला पाहिजे.

मग कुंपणाबाहेर बघा. शेजारच्या चिकन-मटणाच्या दुकानातली आतडी आणि पिसं कुठे जातात? अनेक ठिकाणी ती पोत्यात भरून रात्री खाडीच्या कडेला टाकली जातात. एकट्या सोसायटीने जाऊन भांडण्यापेक्षा तीन-चार सोसायट्यांनी मिळून महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात, फोटो आणि वेळेसह, घनकचरा विभागाकडे लेखी तक्रार द्यावी. दुकानदाराशी आधी एकदा शांतपणे बोलून घ्या. पुष्कळांना आपल्या पोत्याचं पुढे काय होतं हे ठाऊक नसतं. गटारीच्या रात्री आणि लग्नसराईत हॉलच्या मागे हाच प्रकार दसपट होतो, त्या दिवसांसाठी जास्तीची गाडी आधीच मागून ठेवावी.

तिवरांवर टाकलेला राडारोडा ही त्याहून मोठी गोष्ट. भरावात उंदीर वाढतात, कुत्री घर करतात आणि कोल्ह्याची जागा जाते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिवरांच्या तोडीला आणि त्यांच्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातल्या बांधकामाला, भरावाला मज्जाव केलेला आहे. डंपर दिसला तर नंबर, वेळ, फोटो घेऊन वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे आणि पोलिसांकडे तक्रार करा.

उंदरांसाठी विषाच्या वड्या मात्र नकोत. विष खाऊन मंदावलेला उंदीर कोल्हा खातो, घुबड खातं, मांजर खातं, आणि मरण हळूहळू येतं. बिळं सिमेंटने बुजवा, पाइपांभोवतीच्या फटी भरा, सापळे लावा.

करावे, दिवाळे, सारसोळे अशा गावठाणांत आगरी-कोळी घरांतून कोंबड्या असतात. तिथे उपाय सोपा आहे: दिवेलागणीला कोंबड्या खुराड्यात, जाळी बारीक आणि जमिनीखाली वीतभर पुरलेली, दाराला खिट्टी. शेळी व्यायली असेल तर करडू रात्री उघड्यावर नको.

तिसरं काम: कुत्री

कोल्ह्यांच्या प्रश्नाचा निम्मा भाग रस्त्यावरच्या कुत्र्यांचा आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. उकिरड्यावर दोघं एकत्र येतात. कुत्र्यांकडून कोल्ह्यांना डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक जीवघेणा विषाणूजन्य आजार) आणि रेबीज जातो. २०२४ मध्ये चेंबूर-ट्रॉम्बे भागात मृत कोल्ह्यांत रेबीज आढळला होता. खाडीच्या पलीकडच्या काठाला ती गोष्ट दूरची नाही.

आजार आला म्हणून मारत सुटणं किती फोल आहे, हे युरोपने दाखवून दिलंय. तिथे लाल खोकडांमध्ये रेबीज पसरला तेव्हा वर्षानुवर्षं त्यांना गोळ्या घातल्या, बिळात विषारी वायू सोडला. रोग पुढे सरकतच राहिला. १९७८ मध्ये स्वित्झर्लंडने ऱ्होन नदीच्या खोऱ्यात कोंबडीच्या मुंडक्यांत तोंडावाटे घ्यायची लस भरून ती रानात टाकली. खोकडांनी ती खाल्ली आणि रोगाची लाट तिथे अडली. नंतर इतर देशांनी हीच पद्धत उचलली आणि पश्चिम युरोपातून खोकडांचा रेबीज गेला. आपल्याकडे कोल्ह्यांभोवती लसीची भिंत उभी करायची तर ती कुत्र्यांना लस देऊनच.

कुत्र्यांसाठी प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ लागू आहेत. जबाबदारी महापालिकेची आहे, पण सोसायटीने तयारी करून दिली तर काम पटकन होतं.

आधी मोजणी करा. पहाटे साडेपाचला ठरलेल्या एकाच वाटेने फिरा आणि दिसेल त्या प्रत्येक कुत्र्याचा दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तीच वाट. समजा पहिल्या दिवशी २० दिसले, दुसऱ्या दिवशी १८, आणि त्या १८ पैकी १२ आदल्या दिवशीचेच होते. तर २० गुणिले १८, भागिले १२, म्हणजे परिसरात अंदाजे ३० कुत्री आहेत. फोटोत कानाला खाच दिसते का पाहा. खाच असलेल्याची नसबंदी झालेली आहे.

ही यादी, नकाशा आणि फोटो जोडून महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला अर्ज द्या. ‘कुत्र्यांचा उपद्रव’ असं नुसतं लिहिलेलं पत्र पडून राहतं. ‘अमुक सेक्टरमध्ये खाच नसलेल्या इतक्या माद्या आणि इतके नर, सकाळी सहा ते सात या वेळेत या जागी सापडतात’ असं लिहिलेल्या पत्रावर गाडी पाठवता येते.

गाडी येईल त्या दिवशी रोज खायला घालणाऱ्या ताई-काकांना सोबत घ्या. त्यांच्या हाकेला कुत्री येतात, फास लावून पळापळ करावी लागत नाही. कमिटी आणि खायला घालणारे यांच्यात अनेक सोसायट्यांत अबोला असतो. तो मोडायची याहून चांगली संधी नाही. सहा महिन्यांखालची पिल्लं शस्त्रक्रियेसाठी उचलायची नसतात, आणि पिल्लांना पाजणारी मादी असेल तर पथकाला आधी सांगा. शस्त्रक्रिया आणि लस झाल्यावर कुत्रं जिथून नेलं तिथेच परत सोडायचं. ते का, हे कोल्ह्याच्या हद्दीबद्दल वर लिहिलंय तेच. शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकं अशा आवारांसाठी सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ ला वेगळा आदेश दिला आहे, तिथली कुत्री परत त्याच आवारात सोडायची नाहीत.

कुत्री मादी वर्षातून दोनदा विऊ शकते, गर्भकाळ जेमतेम दोन महिन्यांचा. म्हणून यंदा दहा, पुढच्या वर्षी दहा असं रेंगाळत केलेलं काम वाया जातं. नवी पिल्लं मागची कसर भरून काढतात. एक परिसर धरायचा आणि एकाच हंगामात तो पुरा करायचा. रेबीज अडवण्यासाठी किमान ७० टक्के कुत्र्यांना लस हवी, हा जागतिक आरोग्य संघटनेचा मापदंड आहे. नसबंदी एकदाच, लस मात्र दर वर्षी. दुसऱ्या वर्षीची लस बहुतेक ठिकाणी राहून जाते, म्हणून तिची तारीख त्याच वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा.

खाऊ घालण्याची जागा ठरवून द्या, तिवरांच्या बाजूला अजिबात नको. मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून, गेटपासून दूर, वेळ ठरलेली, दिवसाउजेडी. अर्ध्या तासात ताटल्या उचलल्या गेल्या पाहिजेत. उरलेलं अन्न रात्री राहिलं तर आपण कोल्ह्याला बोलावणंच धाडलं.

पाळीव कुत्र्यांची लस चालू असावी आणि खाडीकडच्या रस्त्यावर ते पट्ट्यानेच फिरावेत.

कुंपण आणि दिवे

गेटखालची फट चार बोटांपेक्षा जास्त नको. पावसाळी गटाराच्या तोंडाला जाळी बसवा. भिंतीलगत वाढलेलं रान सोसायटीच्या आतल्या बाजूने काढा, बाहेरच्या तिवरांना हात लावू नका. खाडीवर रोखलेले मोठे दिवे काढून टाका. त्यांनी कोल्हा जात नाही, पाखरांची झोप मात्र उडते. दिव्याचा झोत खाली, पायवाटेवर हवा.

युरोप-अमेरिकेत लांडग्यांना अडवायला दोरीवर लाल कापडाच्या पट्ट्या टांगतात. ती युक्ती काही आठवडे चालते, मग जनावर सरावतं. कचराखोली दुरुस्त होईपर्यंत तात्पुरती वापरायला हरकत नाही.

समोरासमोर आलाच तर

थांबा, त्याला जायला वाट मोकळी ठेवा, लहान मूल असेल तर उचलून घ्या. पळू नका. तो गेला नाही तर टाळ्या वाजवा, मोठ्याने बोला. चार जणांनी मिळून घेरणं, कोपऱ्यात कोंडणं, टॉर्च मारत व्हिडिओ काढणं यातूनच चावे होतात. मुलांना एवढं शिकवा: हात लावायचा नाही, खायला टाकायचं नाही, मोठ्यांना सांगायचं.

दिवसा दिसला म्हणजे पिसाळला असं नाही. पण जनावर झोकांड्या खात असेल, तोंडातून लाळ गळत असेल, माणसाची भीती न वाटता थेट अंगावर येत असेल किंवा एकाच जागी पडून असेल, तर अंतर ठेवा, कुत्री आणि मुलं आत घ्या, आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. जखमी पिल्लू असलं तरी उचलू नका. मेलेल्या कोल्ह्यालाही हात लावू नका. रोगाची तपासणी व्हायला हवी असते, तो परस्पर पुरला तर ती होत नाही.

चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका, पट्टी घट्ट बांधू नका. त्याच दिवशी रुग्णालयात जा. ओळखीच्या कुत्र्यासाठी सांगतात तसं दहा दिवस जनावरावर नजर ठेवून वाट बघणं इथे लागू नाही. रानटी प्राण्याचा चावा तिसऱ्या, म्हणजे सर्वात गंभीर वर्गातला धरतात आणि लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं. ते दिलं का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. दंडात घ्यायच्या लसीचे दिवस ०, ३, ७, १४ आणि २८. बरं वाटलं म्हणून मधला डोस चुकवायचा नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणूनच सारखा हा आग्रह.

वार्षिक सभेत हा विषय मांडताना

महिन्याभराची वही, कचरा रात्री कुठे असतो याचे फोटो आणि कुत्र्यांची यादी, एवढं घेऊन उभे राहा. पिंजऱ्याची मागणी करणाऱ्याला गप्प करू नका. त्याची भीती ऐकून घ्या आणि तीन महिन्यांची मुदत मागा. ठराव तीनच असावेत: कचऱ्याची नवी वेळ आणि खोली, कुत्र्यांची नसबंदी व लसीकरणाचा अर्ज, खाऊ घालण्याची एक जागा. प्रत्येकासमोर एका माणसाचं नाव आणि तारीख.

तीन महिन्यांनी वही पुन्हा उघडा. फक्त किती वेळा दिसला ते मोजू नका, कुठे दिसला ते पाहा. नोंदी कचराखोलीकडून कुंपणाबाहेर सरकल्या असतील तर काम होतंय, तसंच चालू ठेवा. त्या अजूनही एकाच कोपऱ्यात अडकल्या असतील तर रात्री दोन वाजता तिथे जाऊन बघा, कुठेतरी एखादं ताट अजून उघडं आहे.